डेल्बर्टच्या गाडीचा तळ

सीटवर बसल्या बसल्या खालचा रस्ता दिसायचा, अशी गाडी सगळ्या ऑइलडेल गावात एकच होती, आमच्या डेल्बर्ट टॅकेटची. एकतीस सालची फोर्ड, तिच्यात नंतरच्या काळातलं दांडगं इंजिन, लालभडक रंग, चामड्याची सीट. सगळं जिथल्या तिथे, फक्त तळ नव्हता. सीट दोन आडव्या पट्ट्यांवर टेकलेली आणि खाली सरळ डांबर. पाऊस पडला की डेल्बर्ट रबरी बूट घालून गाडी चालवायचा.

कारण एकच. तळ लाकडाचा घालायचा की पत्र्याचा, हे वर्षानुवर्षं ठरत नव्हतं.

मी शेजारी, आणि पत्र्याच्या पक्षाचा, हे आधीच सांगून टाकतो. डेल्बर्टनं जन्मभर तेलविहिरींवर वेल्डिंग केलं; अशा माणसाला पत्रा सोडून दुसरं सुचावंच का? पण लॉयल पिंक्स्टन लाकडाच्या पक्षाचा पुढारी.

"अरे, कारखान्यातून ही गाडी लाकडी फळ्या घेऊन निघाली," तो म्हणायचा. "तुझा पत्रा उन्हाळ्यात तवा होईल तवा! अंडी तळ त्यावर."

"आणि तुझं लाकूड वाळवी खाईल," मी म्हणायचो.

दर शनिवारी सकाळी डेल्बर्टच्या गॅरेजमध्ये दोन्ही पक्ष खुर्च्या टाकून बसायचे. त्याची बायको ओनेटा मऊ पावासारखी गरम बिस्किटं आणि वर ओतायला दाट ग्रेव्ही आणून ठेवायची. डेल्बर्ट दोघांच्याही बोलण्याला मान डोलवायचा. खाल्ल्या मिठाला जागून सांगतो, बिस्किटं फार चांगली असायची.

ओनेटा त्या गाडीत एकदाच बसली होती. भर रस्त्यात मांडीवरची पर्स घसरली, ती थेट मागून येणाऱ्या ट्रकखाली. त्यानंतर तिनं गाडीला हात लावला नाही. गेल्या जूनमध्ये मात्र तिचं डोकं फिरलं. बिस्किटांचं ताट तिनं बाकावर आदळलं.

"येत्या शनिवारी मी पिझ्मोला बहिणीकडे चाललेय. गाडीला तळ असला तर तुझ्याबरोबर जाईन, तुझ्याबरोबर परत येईन. नसला तर बसनं जाईन, आणि परत कधी येणार ते मला विचारायचं नाही."

"अगं पण, लाकूड की..."

"पुठ्ठ्याचा घाल, मेल्या!"

डेल्बर्ट खरंच घाबरला. शुक्रवारी त्यानं लॉयलला बोलावून ओकच्या फळ्या बसवल्या. लॉयल मिशीतल्या मिशीत हसत घरी गेला. मग मी डोकावलो, तर डेल्बर्ट मलाच समजावायला लागला. "तू नाराज होऊ नकोस. उद्या सकाळी वरून पत्राही घालतो."

आणि शनिवारी त्यानं लाकडावर पत्रा ठेवून वेल्डिंग सुरू केलं. जन्मभर वेल्डिंग केलेला माणूस! पट्टीचा पोहणाराच बुडतो म्हणतात ते काही खोटं नाही.

ओनेटा सूटकेस घेऊन बाहेर आली तेव्हा गाडीच्या उजव्या बाजूनं जाळ निघत होता. "दोनच मिनिटं गं," म्हणत डेल्बर्ट टोपीनं वारा घालत होता. मी पाण्याची नळी ओढायला धावलो, तर लॉयल ओरडला, "ओकवर पाणी नको, फुगेल!" ओनेटानं आमच्यासाठी ठेवलेला गार चहाचा जग उचलला आणि लिंबाच्या फोडींसकट आगीवर उपडा केला.

आग विझली. ओनेटाच्या बाजूच्या तळाला कलिंगडाएवढं भोक पडलं होतं.

"म्हणून पत्रा नको," लॉयल म्हणाला.

"म्हणून लाकूड नको," मी म्हणालो.

"तुम्ही दोघं घरी चालते व्हा," ओनेटा म्हणाली. आम्ही कुंपणापर्यंत गेलो.

डेल्बर्ट बादली पालथी घालून तिच्यावर बसला. "तळ बसला की गाडी पुरी झाली," तो म्हणाला. "मग शनिवारी इथे कोण येणार? आणि मी करू काय?" हे तो आमच्यापाशी कधीच बोलला नव्हता. मला फार वाईट वाटलं.

"मी घरातच असते," ओनेटा म्हणाली. "की मी नुसती बिस्किटांपुरती?"

डेल्बर्ट बादलीवरून उठला. ती वळसा घालून गेली, गाडीत बसली, भोकाच्या दोन बाजूंना दोन पाय ठेवले आणि सूटकेस मांडीवर घेतली.

"चालव."

त्यानं इंजिन सुरू केलं आणि हळूच विचारलं, "परत येशील ना माझ्याबरोबर?"

ओनेटानं खाली, भोकातून दिसणाऱ्या गॅरेजच्या फरशीकडे पाहिलं. "आधी माझ्या पायाखाली काहीतरी घाल," ती म्हणाली, "मग विचार."