चाकाखालचं लिंबू

देव रागावला तर माणसाने काय करावं, हे मला अजून कुणी नीट सांगितलेलं नाही. घरातलं माणूस रागावलं तर त्याच्या आवडीची भाजी करता येते, चहात साखर जास्त घालता येते. देवाच्या बाबतीत तसली सोय नाही. त्यातून तो शनी असेल तर बोलायलाच नको. त्या शनिवारी सकाळी दारासमोर उभ्या असलेल्या, काही केल्या चालू न होणाऱ्या गाडीत बसून मी हेच मनात घोळवत होते. माझी खात्रीच झाली होती की हे काम त्याचंच आहे.

कारण तसं होतं. माझे यजमान गेले तेव्हा जोशीबुवांनी साडेसाती सांगितली आणि दर शनिवारी शिंगणापूरला जाऊन तेल घालायला सांगितलं. सुरुवातीला मी भीतीपोटी जायचे. पुढे भीती कधी गेली ते कळलंही नाही, जाणं मात्र राहिलं. बेलापूरच्या बाहेर, उसाच्या पट्ट्यात आमची वस्ती. मुलगा पुण्याला. आठवडाभर बोलायला कुणी नसतं, तेव्हा शनिवारी देवापुढे उभं राहून मी आठवड्याचं सगळं सांगून टाकते, तक्रारीसुद्धा. तो ऐकतो की नाही ते त्याचं त्याला ठाऊक, पण मधे बोलत नाही एवढं खरं. हा नेम त्या शनिवारी पहिल्यांदाच मोडणार होता, कारण मला संगमनेरला जायचं होतं. माझ्या धाकट्या भावाचं, बाळूचं, ऑपरेशन होतं.

बाळू माझ्याहून बराच लहान. आई लवकर गेली, त्यामुळे त्याला मीच कडेवर घेऊन वाढवला. आता तो अंगाने असा आडदांड आहे की उधळलेला बैल एकटा आवरेल, पण सुई पाहिली की लहान मुलासारखा पळतो. पोटात गाठ निघाली होती. आणखी उशीर करण्यात अर्थ नाही, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. याआधी एकदा सगळी तयारी झालेली असताना हा पठ्ठ्या कॉटवरून उठला, पायात चपला घातल्या आणि कुणाला न सांगता एसटीने घरी आला. या वेळी माझी भावजय सुमन सोबत होती, पण तिचं तो ऐकत नाही. आदल्या दिवशी फोनवर मला म्हणाला, "तायडे, तू आल्याबिगर मी आत जायचा न्हाई. तू डोक्यावर हात ठेव, मग काय कापायचं ते कापू दे." ऑपरेशन करणारे मोठे डॉक्टर बाहेरून यायचे, तेही फक्त शनिवारी. मी शब्द दिला. मी पोचले नाही तर हा पुन्हा उठून घरी येणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

गाडी मुलाने घेऊन दिलेली. माझे गुडघे धड नाहीत म्हणून क्लच नसलेली. ब्रेकवर पाय दाबायचा, बटण दाबायचं, की गाडी चालू, इतकं सोपं. पण दोन-चार दिवस ब्रेक दाबला की करकर वाजत होतं, म्हणून शुक्रवारी ती रमेशच्या गॅरेजला नेली. रमेश आमच्याच गावचा, हाताला चांगला. तो म्हणाला, "मावशी, आज लई कामं हायेत. उद्या सकाळच्याला उठून निवांत करून देतो."

मी म्हणाले, "उद्या शनिवार. शनिवारी लोखंड न् तेल आमच्या दारात येत नाही."

आमच्या भागात हे सगळे पाळतात. शनिवारी खिळासुद्धा विकत आणायचा नाही आणि तेलाची बाटली तर मुळीच नाही. ब्रेकचे नवीन भाग म्हणजे लोखंड आणि त्यात भरायचं ते तेलच. रमेशही शनिवारचा उपास धरणारा, त्याला ते पटलं. हातातलं दुसरं काम बाजूला सारून त्याने माझ्या गाडीला हात घातला. मी तिथेच खुर्ची टाकून बसले आणि "झालं का, झालं का" करत राहिले. दिवेलागणीला त्याने गाडी आणून दारापुढच्या रस्त्याकडेला लावली आणि घाईघाईने गेला. गाडीचं काही काम झालं की चाकांखाली लिंबं ठेवायची, ती चिरडून गाडी पुढे गेली की इडापिडा टळते, ही आमच्या घरची रीत. सकाळी वेळ जायला नको म्हणून मी ती रात्रीच्या जेवणाआधीच चारही चाकांखाली सारून ठेवली. देवधर्मसुद्धा उरकून टाकायची मला सवय आहे.

सकाळी आवरून, बाळूला आवडतात म्हणून धपाटे बांधून घेऊन गाडीत बसले. ब्रेक दाबला, बटण दाबलं. समोरच्या पट्टीवर दिवे लागले, इंजिन मात्र गप्प. पट्टीवर इंग्रजीत अक्षरं आली, ब्रेक दाबा. मी म्हणाले, दाबलाय की बाई. आणखी जोरात दाबला. पुन्हा तेच. मग मी किती वेळा ब्रेकवर पाय आपटला ते माझं मलाच माहीत नाही. पेडल पायाखाली मऊ पडत चाललंय हे जाणवत होतं, पण डोकं ठिकाणावर असेल तर त्याचा अर्थ लागेल ना. रमेशचा फोन बंद. शेजारचे सगळे ऊसतोडीच्या मागे शेतात गेलेले. एसटी धरायची तर गावापर्यंत चालत जायला हवं, आणि माझ्या गुडघ्यांना ते जमणारं नव्हतं.

तेवढ्यात सुमनचा फोन आला. "ताई, निघाला का? हे घरी जायला शर्ट घालून बसल्यात."

"निघालेच," म्हणाले आणि फोन ठेवला. मग मला रडू आलं. रडता रडता मी देवाशी भांडले. म्हटलं, इतकी वर्षं ऊन बघितलं नाही, पाऊस बघितला नाही, तुझ्या दारात आले. एक शनिवार चुकला तर एवढं मनाला लावून घेतोस? आणि राग धरायचाच तर माझ्यावर धर, त्या लेकरावर का? पन्नाशीला आलेल्या भावाला मी लेकरू म्हणाले, पण त्या क्षणी तो मला तसाच दिसत होता. शेवटी भांडायचंही त्राण उरलं नाही. स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि म्हणाले, मला काही सुचत नाही. आता तूच बघ.

मग एक जीप माझ्या गाडीशेजारी येऊन थांबली. ती जीप मी पूर्वी पाहिलेली होती. पलीकडच्या गावात मिशनचा लहानसा दवाखाना आहे, तिथल्या सिस्टर तिच्यातून ये-जा करायच्या. पण कधी बोलणं झालेलं नव्हतं. करड्या रंगाची साडी, गळ्यात क्रूस, पायात मळकट बूट अशा त्या स्वतःच जीप चालवत होत्या. काच खाली करून म्हणाल्या, "काय झालं मावशी? गाडी रुसली व्हय?"

"गाडी कुठली, देव रुसलाय," मी डोळे पुसत म्हणाले.

त्या मोठ्याने हसल्या. "देवाचं बघू मागनं. आधी गाडीचं बघू." खाली उतरून पदर खोचत म्हणाल्या, "मला यातलं लई कळत न्हाई. पण आमची जीप रोज रडती, तेवढी सवय हाय." त्या गाडीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. "दाबा ब्रेक."

"दाबलाय."

"मग मागचे लाल दिवे का लागंनात? तुमी दाबताय ते गाडीला कळतच न्हाई बघा."

एवढं बोलून त्या पुढच्या बाजूला आल्या आणि चाकापाशी थबकल्या. वाकून बघितलं, मग जराशा संकोचाने मला विचारलं, "मावशी, राग मानू नका. शनिवार म्हणून चाकाला तेल घातलं का तुमी?"

मला काही समजेना. मी उतरून बघितलं. मी ठेवलेलं लिंबू तेलात बसलं होतं. सगळं अंग चकचकीत, खाली माती काळी आणि ओली. बोटाने चाचपलं, वास घेतला. हे काही घाण्याचं तेल नव्हतं. सिस्टर गाडीत बसल्या आणि त्यांनी ब्रेक दाबला. चाकाच्या आतल्या अंगाने तेलाची धार उतरली आणि त्या लिंबावर पडली. त्यांनी पाय काढला, धार थांबली. पुन्हा दाबला, पुन्हा उतरली. मघापासून मी जो पाय आपटत होते, त्याने ब्रेकचं होतं नव्हतं ते तेल मी स्वतःच बाहेर काढत होते.

मी तिथेच मातीत बसले. गाडी चालू झाली असती तर मी काय केलं असतं हे मला पक्कं ठाऊक होतं. उशीर झाला म्हणून ती भरधाव सोडली असती.

सिस्टरांनी मला हाताला धरून उठवलं. "चला, बसा जीपमधी. मी संगमनेरलाच चाललेय, दवाखान्याची औषधं आणायला." माझी धपाट्यांची पिशवी त्यांनीच काढून आणली. शनिवारी त्या कधी जात नाहीत, म्हणाल्या. शुक्रवारी जायचं होतं, पण एक बाळंतीण आली म्हणून राहिलं. तेल लागलेला हात मांडीवर उपडा ठेवून मी बाहेरचा ऊस बघत राहिले.

कोल्हारच्या पुढे उसाच्या ट्रॉल्या ओढणारा एक ट्रॅक्टर आमच्या समोर होता. मागच्या ट्रॉलीतून ऊस हिरवे शेंडे हलवत बाहेर आलेला. काही इशारा नाही, हात नाही, आणि तो एकदम जागच्या जागी थांबला. सिस्टरांनी ब्रेक दाबला. जीप करकरली आणि उसाच्या शेंड्यांपासून हातभर अंतरावर उभी राहिली. माझाही उजवा पाय आपोआप खाली दाबला गेला होता. तिथे नुसता पत्रा होता. सिस्टरांनी कपाळाला, छातीला आणि खांद्यांना बोटं लावून खूण केली, मी हात जोडले. दोघींचे देव वेगवेगळे, पण त्या घटकेला आम्ही एकाच गोष्टीसाठी आभार मानत होतो. ट्रॅक्टर हलला, आम्हीही निघालो.

हॉस्पिटलात बाळू खरोखरच शर्ट घालून, चपला पायात अडकवून बाकावर बसला होता. त्याने आत जायला नकार दिल्यामुळे डॉक्टरांनी दुसऱ्या पेशंटला आधी घेतलं होतं, त्यामुळे त्याची पाळी अजून गेली नव्हती. मला बघताच त्याचा चेहरा सैल पडला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्याने नाक वर करून हुंगलं.

"तायडे, हाताला तेलाचा वास येतोय. देवाला तेल घालून आलीस व्हय?"

मी म्हणाले, "मी नाही घातलं रे. आज त्यानं माझ्या दारात येऊन आपल्या हातानं घालून घेतलं."

त्याला काय कळलं कोण जाणे. पण त्याने चपला काढून बाकाखाली सारल्या आणि शर्टाची बटणं सोडायला लागला. तो आत गेला तेव्हा एका बाजूला मी होते आणि दुसऱ्या बाजूला जपमाळ हातात घेतलेल्या सिस्टर. औषधं मागाहून घेता येतील म्हणून त्या माझ्याजवळच थांबल्या. गाठ निघाली, साधी निघाली. शुद्धीवर आल्यावर त्याने पहिल्यांदा धपाटे मागितले आणि नर्सचा ओरडा खाल्ला.

त्याच्याजवळ आठवडा काढून मी घरी परतले. माझा निरोप मिळताच रमेश धावत आला, तो नेमका शनिवारीच. त्याने गाडीखाली डोकं घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलं नाही. ब्रेक दाबल्याचं गाडीला कळवणारा पेडलाजवळचा एक प्लग घाईत अर्धाच बसला होता, तो निसटला म्हणून गाडी चालू झाली नाही. आणि चाकापाशी तेलाच्या नळीचा नट पुरता आवळायचा राहिला होता. बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते. "मावशी, माझ्या हातनं लई मोठं पाप झालं असतं," म्हणाला. मी म्हटलं, तुझ्या मानेवर बसून घाई मीच केली होती. दोन चुका झाल्या, आणि त्यातल्या एकीने दुसरीला अडवलं. हे कुणी केलं याचा हिशेब मी मांडत बसत नाही. ज्याला मी रागावलेला समजत होते तो माझ्या दारात चाकाला धरून बसला होता, एवढंच मला वाटतं.

रमेशने हत्यारं गोळा करायला घेतली. "नवीन तेल घालायला लागंल मावशी, नटबी बदलाय पायजे. आज शनिवार. उद्या सकाळी येतो."

"आजच घाल," मी म्हणाले.

तो गॅरेजला जाऊन सामान घेऊन आला. जन्मात पहिल्यांदा शनिवारी माझ्या दारात लोखंड आलं आणि तेलही आलं. त्याने सवयीने भराभर पाना फिरवायला सुरुवात केली, तेव्हा मी ओट्यावर बसून त्याला म्हटलं, "शनिवार आहे म्हणून घाई करू नको रे. शनिवार आहे, म्हणूनच सावकाश कर."