उकळत्या हंड्यातलं बी

"बोट घालून बघ की, लांबनंच काय हुंगतीस?" हर्कमाया म्हणाली.

"बघितलं दिदी. तारच सुटंना. किनेमा न्हवं ह्यो, नासल्यालं सोयाबीन हाय." शेजारी बसणाऱ्या बिष्णुमायानं बोट गवताला पुसलं. "वय झालं गं तुझं. हात जातो बाईचा. फुडच्या बाजारी ही जागा मला दे, म्हंजी झालं."

सिक्कीममधल्या सोरेंगच्या आठवडे बाजारातली पायऱ्यांजवळची ती जागा चाळीस वर्षं हर्कमाया सुब्बाची. सोळाव्या वर्षी ती डोंगरापलीकडून सून होऊन आली. सासूनं पहिल्याच दिवशी हातात मुसळ दिलं, ते अजून सुटलेलं नाही. नवरा गेला, दरडीखाली अर्धं शेत गेलं, पण तिचा किनेमा, म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, कधी फसला नव्हता. उकडून ठेचलेलं सोयाबीन राख भुरभुरून नेच्याच्या पानांत गुंडाळायचं, टोपलीत भरून चुलीपाशी उबेला ठेवायचं. तिसऱ्या दिवशी बोटामागं मधासारखी तार निघाली पाहिजे. नाही निघाली तर डुकराला घाला.

त्या दिवशी तिनं अख्खी टोपली डुकराला घातली.

घरी नव्या सुनेनं, रोजिनानं, रडत रडत कबूल केलं. पोर गंगटोकच्या कॉलेजात जीवजंतूंचं शिकलेली. सासूवरच्या मायेनं तिनं ती काळीकुट्ट टोपली, लाकडी उखळ, वर टाकायचं पोतं, सगळं ब्लीचिंग पावडरनं खसाखसा घासून उन्हात वाळवलं होतं.

"म्हंजी माझ्या सासूची सासूबी धुऊन टाकलीस," हर्कमाया म्हणाली. "टोपलीतच बी असतंय, बये. आता काय बिष्णुमायाच्या दारात मागाय जाऊ?"

बाजाराला चार दिवस उरले तेव्हा ती सकाळीच चुलीवरच्या माळ्यावर चढली. दोन सालांमागं वाळवून टांगलेल्या किनेमाची पुरचुंडी तिनं खाली काढली. धुरानं काळी पडलेली, खड्यासारखी कडक. तिनं ती कुटली आणि सोयाबीन रटरटत होतं त्या हंड्यात सरळ ओतली.

रोजिना धावत आली. "आमा! उकळत्यात? मरतील ना सगळे जंतू!"

"मरणारं मरू दे. आपलं न्हाय मरत. गार सोयाबीनवर सासू कंदी टाकायची न्हाय." आणि तिनं हंडा खाली घेतला.

रोजिना हंड्याशेजारी बसली. परीक्षेला घोकलेलं पान तिला आत्ता कुठं समजत होतं. "आमा, या जंतूंच्या पोटात हजारो हुकूम लिहिलेले असतात. सगळे एकदम चालत नाहीत. खायला मिळालं की खा, वाढा, एवढेच. उपासमार झाली की ते हुकूम बंद करतात आणि कवच बांधायचे उघडतात. आई विरघळून जाते, पण आपल्या पोटातलं एक पोर कवचात बांधून ठेवते. ते वाळलं तरी टिकतं, उकळलं तरी टिकतं. चटका बसला, समोर खाणं आलं, की उठतं."

"एवढंच शिकाय गंगटोकला गेलीस व्हय?" हर्कमाया खदखदून हसली. "दरडीच्या साली मी काय केलं? दारू गाळणं बंद, नवं लुगडं बंद, पर मक्याचं बी माळ्यावर टांगून ठिवलं. आम्ही उपाशी झोपलो, बी न्हाय खाल्लं. तुझ्या किड्यांनी त्येच केलं की!"

सोयाबीन ठेचून, पानांत गुंडाळून टोपली चुलीपाशी ठेवली, आणि तीन दिवस तिला कुणी हात लावला नाही. रोजिनानं दोनदा वरचं पोतं उचलायला बघितलं, दोनदा मनगटावर चापट खाल्ली. तिसऱ्या सकाळी घरभर तो उग्र, ओळखीचा वास सुटला. दाण्यांवर पांढुरकी साय धरली होती. हर्कमायानं चिमूट उचलली. तार निघाली, लांबली, कोपराएवढी झाली तरी तुटेना. सासूसुना दोघी बोंब मारून नाचल्या. डुक्कर बावरून गोठ्याला धडकलं.

बाजारात बिष्णुमायानं पायऱ्यांजवळ आपलं पोतं पसरलंच होतं. हर्कमायानं टोपली तिच्या नाकाखाली धरली. "घाल बोट."

बिष्णुमायानं बोट घातलं, ओढलं, चाटलं, परत घातलं. मग उठून आपलं पोतं सरकवलं. "बी कुठनं आणलंस गं दिदी?"

"माळ्यावरनं. माझ्या सुनंला इचार, ती सांगंल शास्त्रानं. तुझं फसलं तर ये, चिमूटभर दीन."

बायका गोळा झाल्या. रोजिना बिष्णुमायाला कवचातल्या पोराचं सांगायला लागली, तसा हर्कमायानं तिच्या मांडीवर नेच्याच्या पानांचा गठ्ठा आदळला.

"तोंड मागनं चालीव. पानं पूस. गिऱ्हाईक उभं हाय."