दुसरा बोळा

मानसीचा फोन आला तेव्हा मी इथं सिंगापुरात, क्लेमेंटीच्या मंडईत कोथिंबीर निवडत उभी होते. "आत्या, बाबा गेले गं..." एवढंच म्हणाली. तिचे बाबा म्हणजे माझा थोरला भाऊ, दादा. हृदयाच्या दुखण्यानं हॉस्पिटलात होता, त्यामुळे मनाची थोडी तयारी होती म्हणा. पण माझ्या तोंडून पहिलं काय निघावं? "सुरेशला कळवलंस का?" फोनवर त्याची पोटची पोरगी रडतेय आणि मी त्याच्या गावाकडच्या पुतण्याचं विचारतेय! मानसीलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. म्हणाली, "त्यालाच आधी केला." ते का, तेच सांगायला बसलेय.

आमचं गाव आजऱ्याकडचं. पाऊस असा की पेटीतल्या कपड्यांनाही बुरशी धरते. तिथं वडिलांची जुनी शिकारीची रायफल होती. शिकार तर कधीच बंद झाली, पण उसात रानडुकरं शिरतात म्हणून परवाना राहिला, आधी दादाच्या नावावर, मग जोडीला सुरेशच्या. दादा त्या बंदुकीला तान्ह्या पोरासारखा जपायचा. पावसात नेली तर नळीचं तोंड खाली, घरी आली की तेलाचं फडकं आतून फिरवायचं. म्हणायचा, "पाणी गेलं तर नुसती गंजते गं ताई, पण कचरा अडकला तर फुटते. धरणाऱ्याच्या तोंडावर फुटते." मी त्याच्याहून धाकटी, तरी मला ताईच म्हणायचा. मी म्हणायची, "वहिनीला कधी इतकं जपलंस का?" त्यावर वहिनीच आतून हसायची.

निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका पोलिसठाण्यात जमा कराव्या लागतात. तिथली खोली दमट, वर कुंभारीण माशी दिसेल त्या भोकात मातीचं घर करते. म्हणून जमा करायच्या आधी दादा मेण लावलेल्या चिंधीचे बोळे नळीत घालायचा, एक मागून, एक तोंडाकडून. तोंडाकडचा बोटभर आत ढकलायचा, कुणी चाळा म्हणून उपसू नये यासाठी. वहिनी गेल्यानंतरच्या निवडणुकीतही त्यानं तसंच केलं आणि इथं सिंगापुरात, पुंगोलला लेकीकडे आला. महिन्याभरात परत जाऊन स्वतःच बंदूक सोडवणार होता. पण इथं छातीत दुखायला लागलं, डॉक्टरांनी विमानप्रवासाला नको म्हटलं, आणि ते राहूनच गेलं.

त्या रविवारी मी पुंगोललाच होते. दिवेलागणीची वेळ, तिकडे गावी अजून ऊन. सुरेशचा फोन आला. आवाज नुसता उड्या मारत होता. "काका, बंदूक आणली सोडवून! निम्मा ऊस झोपवलाय बघा डुकरांनी. परवानगीचा कागद मिळालाय, आता मळ्यात बसतोय जाऊन."

दादा म्हणाला, "आरं थांब, नळीत बोळा असंल..."

"काढलाय की बोळा! काडतूसच आत जाईना, तवा दिसला. बरं, चढावर रेंज जातीया, ठेवतो."

आणि फोन बंद.

दादा खुर्चीतून उठला. चेहरा पांढराफटक. "मागचा काढलाय त्यानं," म्हणाला, "पुढचा तसाच आहे." आम्हाला दोघींना क्षणभर कळेचना. मग कळलं. सुरेशला परत लावला, तर संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला, तेच. मानसी म्हणाली, "लताला लावते." लता सुरेशची बायको. ती डेअरीवर दूध घालायला गेलेली, उचलेना. उचलला तेव्हा दादाला धड बोलता येईना, मीच ओरडले, "लता, मळ्यात पळ! सुरेशला म्हणावं गोळी झाडू नको, नळीत बोळा आहे!" पोरगी गुणाची, का-कसं काही विचारलं नाही. फोन हातात तसाच चालू. तिच्या चपलांचा आवाज येत होता, तिची धाप ऐकू येत होती... मग तेही तुटलं.

खिडकीखालून एलआरटीच्या, त्या छोट्या रेल्वेच्या, गाड्या जात होत्या, येत होत्या. दादा बसेना. मानसीनं छातीच्या औषधाची गोळी पुढे केली ती घेईना. मी देवाचं नाव घ्यायला लागले तर माझ्यावरच खेकसला, "गप बस, फोन वाजलेला ऐकू यायचा नाही!"

वाजला एकदाचा. सुरेशच होता, आणि तोही चिडलेला. "काय काका हे! खांद्याला लावली हुती बंदूक. हिच्या बोंबलण्यानं डुकरं पळाली की!"

"पळू देत. आधी काडतूस काढ."

"काढलं."

"आता मागून नळीत बघ. उजेड दिसतोय?"

तिकडे बंदूक उघडल्याची खडखड. मग अगदी लहान पोराच्या आवाजात, "...न्हाई काका."

दादा तिथंच फरशीवर बसला.

त्यानंतर त्यानं बोळ्यांचं नावच टाकलं. मला घेऊन लिटिल इंडियातल्या एका मोठ्या दुकानात गेला आणि गावी धाडायला लालभडक फुग्यांची पाकिटं घेतली. गल्ल्यावरची पोरगी म्हणते, "अंकल, बर्थडे आह?" हा गंभीरपणे म्हणतो, "नो, रायफल." मी त्याला हाताला धरून ओढत बाहेर काढलं! फुगा नळीच्या तोंडावर चढवायचा. पाणी जात नाही, माशी जात नाही, लांबून दिसतो, आणि काढायला विसरला तरी गोळीबरोबर फाटून जातो. शिवाय सुरेशला दंडक घालून दिला, काडतूस घालण्याआधी व्हिडिओ कॉल लावायचा आणि रिकामी नळी दाखवायची. सुरेश कुरकुरायचा, पण दाखवायचा.

परवा माझा फोन वाजला. सुरेश मळ्याच्या अलीकडे, रेंज असते तिथं उभा.

"आत्या, डुकरं परत आलीत. सगळं झालंय, पण काडतूस घालायला हात धजंना. काका बघायचे..."

"मग मला दाखव."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"उजेड कळतो की मला!"

त्यानं बंदुकीचा मागचा बोल्ट काढला, फोन नळीच्या मागच्या बाजूला धरला आणि नळीचं तोंड आभाळाकडे केलं. आधी नुसता काळोख. मग हलता हलता एक गोल उजेड स्थिर झाला, स्वच्छ, कडेपर्यंत.

"दिसला का?"

मी चष्मा पदरानं पुसला.

"आगं आत्या, दिसला का न्हाई?"

"थांब रे," मी म्हटलं, "नीट बघू दे."