कमावलेलं

कोल्हापुरात चपला घेताना मी दुकानातल्या मावशींना सहज विचारलं, “हे कातडं कुठल्या जनावराचं?”

पट्ट्याची वेणी घालणारे त्यांचे हात थांबले. “कातडं न्हवं ताई, चामडं. कातडं नुसतं ठेवलं तर चार दिसांत कुजतंय. बाभळीच्या सालीच्या पाण्यात मुरवायचं, घासायचं, वाळवायचं. कमावलं, की मग चामडं.”

कमावलं! शब्द रोजचाच, पण मी एकदम हरखून गेले. आपण पगार कमावतो, पैलवान शरीर कमावतो, गवई आवाज कमावतो. गळा तर सगळ्यांनाच असतो. आजवर मला वाटायचं, कमावणं म्हणजे बाहेरून काहीतरी घरात आणणं. इथे तर जन्मासोबत मिळालेलंच टिकाऊ करायचं होतं, तेही पाण्यात पडून, घासून घेऊन. मी दुकानातला एकेक जोड उचलून बघायला, वास घ्यायला लागले. मावशी हसल्या.

“आठ दिस चावतील हं. तेल लावा.”

त्या शब्दाच्या आनंदात मी रिक्षा केली नाही. नव्या चपला करकर वाजवत चालतच घरी निघाले. चौक येईपर्यंत अंगठा सोलवटला. वाकून पाहिलं, तर चपलेवर साधा ओरखडाही नव्हता. तिचं काय चुकलं? ती कमावलेली होती. कच्चं होतं ते माझं कातडं.