सोनाक्कांचा फाटलेला सूर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून लपवलेलं माझ्या आयुष्यात दुसरं काही नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढं कारण पुरे असावं.

सोनाबाई सिन्नरकरांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. नसेल ऐकलं, तर शेतातली, जात्यावरची, हळदीची गाणी गाणारी ती बाई. शाळा नाही, गुरू नाही. निंदणीच्या बायकांत गाताना कुणीतरी ऐकलं, मग जत्रेत गायल्या, मग रेडिओवर. पुढे पुढे आमच्या नाशिककडे त्यांची कॅसेट लावल्याशिवाय लग्नाचा मांडव पडत नसे. एका बांधावरून दुसऱ्या बांधावरच्या माणसाला हाक मारावी तसा आवाज — उघडा, उंच, काहीही न सजवलेला. लहानथोर सगळे त्यांना सोनाक्का म्हणत.

मी नाक-कान-घशाचा डॉक्टर. नव्वदच्या दशकात कुवेतमध्ये, फहाहीलच्या एका खासगी दवाखान्यात नोकरीला होतो. शुऐबा आणि मीना अब्दुल्लाच्या कारखान्यांतले इंजिनिअर, अहमदीत राहणारी काही कुटुंबं, हॉस्पिटलातल्या नर्सेस, असं आमचं एक लहानसं मराठी मंडळ होतं. मी त्याचा अध्यक्ष. दरवर्षी एखादं नाटक यायचं, नाहीतर भावगीतं. त्या वर्षी मी म्हटलं, सोनाक्कांना आणू.

बैठकीत एक जण म्हणाला, "डॉक्टर, वाळवंटात निंदणीची गाणी?" आणि सगळे हसले.

ते हसणं मला फार लागलं. आता हे सांगताना किती क्षुल्लक वाटतं — पण लागलं खरं. मग मी हट्टाला पेटलो. व्हिसासाठी कफिलाच्या, म्हणजे हमी घेणाऱ्या इथल्या मालकाच्या, दारात मीच जाऊन बसलो. शाळेचा हॉल मीच मिळवला. बड्या पाहुण्यांना मीच बोलावलं. मंडळातल्या लोकांनी ड्यूट्या बदलून घेतल्या. कार्यक्रम आता सोनाक्कांचा कमी आणि माझा जास्त झाला होता, हे मला तेव्हा कळत नव्हतं का? कळत होतं, मला वाटतं.

सोनाक्का आल्या त्या दिराला घेऊन. तुणतुण्यावर साथ करणारा नवरा आदल्या वर्षीच गेला होता. त्या आमच्याच घरी उतरल्या. बायकोने एसी लावला की त्या उठून बंद करायच्या आणि खिडकी उघडायच्या. त्या आठवड्यात धूळ होती — इकडची ती पिठासारखी बारीक धूळ, तिला तोझ म्हणतात. दोन दिवसांत त्यांना खोकला लागला. कार्यक्रम गुरुवारी संध्याकाळी. गुरुवारी सकाळी खोकल्याची एक जोराची उबळ आली, आणि त्यानंतर त्यांचा आवाज एकदम बसला.

दुपारी दवाखाना बंद असतो. किल्ली माझ्याकडे होती. मी त्यांना घेऊन गेलो. त्या खुर्चीत बसल्या, पदर सावरला, न सांगता तोंड उघडलं. जीभ धरून मी आरसा आत घातला.

उजवा स्वरतंतू लालभडक होता. आत रक्त साकळलं होतं.

यात शंकेला जागा नव्हती. विद्यार्थीसुद्धा ओळखेल असं चित्र होतं ते. अशा वेळी काय करायचं हेही ठरलेलं आहे — पूर्ण मौन. गाणं सोडाच, कुजबुजही नाही. दोन-तीन आठवडे गप्प राहिलं की बहुतेकांचा घसा पूर्ववत होतो. आणि त्या अवस्थेत मोठ्याने गायलं तर? तर स्वरतंतू फाटू शकतो, व्रण राहू शकतो, आवाज कायमचा जाऊ शकतो. हे सगळं मी तो आरसा धरलेला असताना आठवत होतो. आणि हॉलही आठवत होता. ते हसणारे लोक पहिल्या रांगेत बसणार, हेही.

मी आरसा बाहेर काढला.

"खरं सांगा डाक्टर," सोनाक्का घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "मला कळंना म्हणून गोड बोलू नका. गायलं तर चालंल ना?"

"थोडी सूज आहे, आक्का. इंजेक्शन देतो. संध्याकाळपर्यंत मोकळं होईल."

"काय वंगाळ न्हाई ना व्हायचं?"

"काही नाही होणार," मी म्हणालो.

हेच ते. एवढंच. बाकी सगळं याच्या आधीचं किंवा नंतरचं.

इंजेक्शनने सूज उतरते, आवाज काही तास मोकळा वाटतो. जखम आहे तिथेच राहते. संध्याकाळी सोनाक्का गायल्या — आणि काय गायल्या. दुसऱ्या गाण्याला हॉल उभा राहिला. बैठकीत हसलेला तो गृहस्थ माझ्या खांद्यावर हात ठेवून रडला. शेवटचं गाणं सासरी निघालेल्या लेकीचं होतं. त्यात आईच्या तोंडची एक उंच ओळ आहे. त्या ओळीवर त्यांचा सूर मध्येच फाटला. दोन तुकडे झाल्यासारखा. त्यांनी गळ्याला हात लावला, आणि तशाच फाटक्या आवाजात ओळ पुरी केली. लोकांना वाटलं, नवरा आठवला. बायका पदराने डोळे पुसत होत्या.

त्यानंतर त्या कधी गायल्या नाहीत.

सोनाक्का गावी परतल्यावर महिन्याभराने नाशिकच्या एका डॉक्टरांचा मला फोन आला. कार्यक्रमाआधी घसा पाहिला होता का, तेव्हा काय दिसलं, असं त्यांनी विचारलं. साधा प्रश्न होता. मी म्हणालो, तपासायची वेळच आली नाही, त्या ठणठणीत होत्या. एका खोट्याला मी आणखी एक खोटं जोडलं, आणि त्यानंतर जेवायला बसलो.

पेपरात आलं की नवऱ्याच्या दुःखात सोनाक्कांनी गाणं सोडलं. त्यांनीही ते कधी खोडून काढलं नाही. कुवेतच्या त्या कार्यक्रमाची कॅसेट गावोगाव गेली, पुढे तिची सीडी निघाली. आज सोनाक्का म्हटलं की लोकांना तोच कार्यक्रम आठवतो. आणि त्यात तीच ओळ.

काही वर्षांनी सुट्टीत मी सिन्नरला गेलो. सांगायचं असं ठरवूनच गेलो होतो — खरंच ठरवलं होतं का? सोनाक्का ओसरीवर लसूण सोलत होत्या. आवाज म्हणजे नुसता वारा. कान जवळ न्यावा लागे. मी काही बोलायच्या आत त्यांनी शेजारणीला बोलावलं आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "मी भ्याले व्हते. माघारी फिरले असते. ह्या डाक्टरनी धीर दिला म्हणून ते गाणं झालं."

शेजारणीने मला नमस्कार केला. मी भाकरी खाल्ली, वांग्याचं भरीत खाल्लं, त्यांच्या नातवाच्या टॉन्सिल्स तपासल्या आणि निघालो.

त्या गेल्या तेव्हा मी कुवेतमध्येच होतो. मंडळाने श्रद्धांजलीचा कार्यक्रम ठेवला, त्याच हॉलमध्ये. मुख्य वक्ता मी. दुसरं कोण असणार? मी त्या संध्याकाळबद्दल बोललो. एका बाईने आयुष्यभराचं दुःख एका ओळीत कसं ओतलं, ते सांगितलं. मला बोलता येतं. लोक शांतपणे ऐकत होते.

नंतर मुलांची स्पर्धा होती, सोनाक्कांच्या गाण्यांची. इथेच जन्मलेली मुलं, घरी इंग्रजीत उत्तरं देणारी, पण गाणी पाठ केलेली. अहमदीच्या एका इंजिनिअरची मुलगी ते सासरचं गाणं गायली. गळा गोड होता. त्या ओळीवर आली, आणि तिने सूर फोडला — मुद्दाम, जोर देऊन, हुबेहूब तिथेच. किती दिवस घोटलं असेल तिने ते. उतरताना तिला खोकला आला.

त्या वयात घसा असा फोडणं चांगलं नाही. तिच्या आईला बाजूला घेऊन दोन वाक्यांत सांगता आलं असतं. पण मग तिने विचारलं असतं, असं का म्हणता, सोनाक्का तर असंच गायच्या.

बक्षीस माझ्या हस्ते होतं. मुलगी वाकली, माझ्या पाया पडली.

"छान," मी म्हणालो. "अगदी सोनाक्कांसारखं."