आत्याचा डावा हात

प्रवासाला निघताना मी डाव्या हातात पिशवी घेतोच, रिकामी असली तरी. उजव्या हाताने काही करायला गेलो की माझा डावा हात त्याची नक्कल करतो. त्याला काहीतरी धरायला दिलं की जरा निभावतं. तबल्याच्या मास्तरांनी आठवडाभरात माझ्यापुढे हात जोडले. स्कूटरचा ॲक्सिलरेटर पिळला की डावीकडचा गिअरही फिरायचा, म्हणून मी जन्माचा एसटीचा प्रवासी झालो. घरात याला ‘खोड’ म्हणत. माझी मुलगी नीता हिच्यातही ती थोडी उतरली आहे.

नीताला पाचवा महिना लागला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी या खोडीचं मूळ सांगितलं. पोटातल्या बाळाच्या मेंदूतून निघालेले मज्जातंतू खाली उतरताना शरीराची मधली रेघ ओलांडतात, म्हणून मेंदूची डावी बाजू उजवा हात हलवते. ‘इकडे या’ असं सांगणारा एक पदार्थ त्या रेघेपाशी तयार होतो, आणि वाढत्या तंतूच्या टोकावर तो ओळखणारे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, असतात. ओलांडून झालं की दुसरा एक पदार्थ तंतूला मागे फिरू देत नाही. आमच्याकडे ते ग्राहकच अपुरे. काही तंतू रेघ ओलांडत नाहीत आणि एकाच बाजूचा हुकूम दोन्ही हातांना पोचतो. बहुतेकांचं यात काही बिघडत नाही, असं बाई म्हणाल्या. पण घरात म्हातारपणी कोणाचं हे वाढलं का, ते विचारून या.

नीताची झोप उडाली. माझे वडील चाळिशीतच गेले. उरली होती त्यांची बहीण, बोरी अरबची सुभद्रा आत्या, आणि तिच्याकडे मी वीस वर्षांत फिरकलो नव्हतो. फोनवर विषय काढला तर तिने फोन सुनेकडे दिला. मग नाशिकहून निघालोच.

धामणगावला रेल्वेतून उतरून यवतमाळच्या स्टँडवर आलो आणि घाईत भलत्याच गाडीत चढलो. “बोरीले जायचं अन् आर्णीच्या गाडीत काहून बसले?” कंडक्टरने विचारलं आणि गावाबाहेर उतरवून दिलं. मला धडधाकट डोळे असून मी पाटी वाचली नव्हती, आता त्या तंतूंना कुठल्या तोंडाने नावं ठेवणार? ऑटोने परत येऊन बोरीवरून जाणारी दारव्ह्याची गाडी धरली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता आणि बायका दोन्ही हातांनी वेचत होत्या. तिथे माझ्यासारखा माणूस कोणाच्या लक्षातही आला नसता.

आत्या अंगणात बसली होती. तिची सून, मंदावहिनी, हिने ज्वारीची भाकर आणि सोल्यांची (तुरीच्या ओल्या दाण्यांची) झणझणीत भाजी वाढली. मी पोटभर जेवलो, पण लक्ष आत्याच्या डाव्या हाताकडे होतं. तो पूर्ण वेळ पदराखाली होता. शेवटी नीताच्या बाळाचं सांगून हाताबद्दल विचारलं. मले काय झालं, काही नाही, असं म्हणून ती गोठ्याकडे बघत बसली. मंदावहिनीलाही इतकी वर्षं आत्याचा खांदा दुखतो म्हणून ती हात झाकते, असंच वाटत होतं.

हात धुऊन आत्यापुढे बसलो, दोन्ही हात समोर धरले आणि फक्त उजवी मूठ उघडमीट केली. डावीही उघडमीट झाली. मग आत्याने पदरातून हात काढला आणि उजवी मूठ उघडली. डावी तिच्या सोबतीने उघडली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बोटं, पण जराही थरथर नव्हती.

“वाढलं का गं पुढे?”

“वाढते कायचं? होतं तेवढंच हाय.”

माझे डोळे भरून आले, आणि ते मी लपवलंही नाही.

मग ती भरभरून बोलली. पेरताना उजवी मूठ सैल केली की बियाण्याची ओटी धरलेला डावा हातही सुटायचा आणि बी सांडायचं. म्हणून ती ओटीला कमरेशीच गाठ मारून घ्यायची. माझ्या आजोबांनाही हे होतं आणि ते शेवटपर्यंत वावरात (शेतात) राबले. वडील सही करताना डाव्या मुठीत किल्ल्या आवळून धरत, ते कशासाठी, हे मला आत्ता कुठे कळलं.

“मंग लपवला काहून?” मंदावहिनीने विचारलं.

“लहानपणी माय हा हात कमरेले बांधून ठेवे. लोकं पाहतीन म्हणे.”

दुपारच्या गाडीला आत्या स्टँडपर्यंत आली. पिशवीत तिने तुरीच्या शेंगा भरून दिल्या होत्या. “पोरीले सांगजो,” ती खिडकीशी म्हणाली, “लेकराचा हात बांधू नको म्हणा.” गाडी हलली तसा तिने उजवा हात हलवला आणि साऱ्या स्टँडसमोर डावाही हलला. माझ्या डाव्या हातात पिशवी होती, मी एकाच हाताने निरोप घेतला.

धामणगावहून नीताला फोनवर सगळं सांगितलं. त्या रात्री ती नऊ तास झोपली, असं जावईबापूंनी कळवलं. दुसऱ्या दिवशी नाशिकला पोचलो तेव्हा ती दारातच उभी होती. तिने लांबूनच हात केला. मी शेंगांची पिशवी रस्त्यावर ठेवली आणि मग हात वर केला. दोन्ही हात वर गेले. समोरचा दुकानदार बघत होता. बघू दे म्हटलं.