रॅपिड, म्हणाले डॉक्टर

कबनूरच्या यंत्रमागांवर अण्णासो कांबळे यांचं सगळं आयुष्य गेलं आणि त्यांचे कानही तिथेच गेले. खडखडाटात माणसं एकमेकांचे ओठ बघून बोलतात. अण्णासो घरीही तसंच बोलू लागले. यल्लव्वा, त्यांची बायको, गेल्यापासून घरात दोघंच होती, ते आणि मुलगी दीप्ती.

मग त्यांच्या बोटांना मागावरची सुताची तुटलेली तार सांधता येईना. अंगठ्याखालचं मांस झडत गेलं. दीप्ती त्यांना कोल्हापूरला मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर तिच्याशीच बोलले. नसांचा आजार आहे, उपाय नाही, हातांमागून जीभ जाईल, आणि हे सगळं रॅपिड आहे. शेवटचा शब्द त्यांनी पुन्हा उच्चारला, म्हणून अण्णासोंनी ओठांवरून तो तेवढा धरला.

जिन्यात त्यांनी अर्थ विचारला. दीप्तीने सांगितलं, झपाट्याने होणारं. काय होणारं, ते तिच्या तोंडून निघेना. ती चपला शोधत राहिली. माग जेवढा पळेल तेवढं कापड आणि तेवढी मजुरी, एवढ्यावर अण्णासोंचा जन्म गेलेला. वेगात काही वाईट असेल हे त्यांच्या मनाला शिवलं नाही.

"म्हंजे गुण झपाट्यानं येतोय म्हण की," ते म्हणाले.

दीप्तीने होकाराची मान हलवली. स्टँडवर त्यांनी पेढे घेतले आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यात वाटले.

शब्द त्यांना आवडला. चहा रॅपिड झाला, एसटी रॅपिड आली. शेजारच्या मागांवरचा कृष्णात त्यांची खेचायचा, सायबांची तार तुटली, रॅपिड या. हसता हसता तोच ती तार सांधून द्यायचा. इकडे त्यांची जीभ जड होत होती. स्वतःचा आवाज त्यांना ऐकू येत नव्हता, आणि कारखान्यात कुणाचाच कुणाला येत नाही. कळत होतं ते फक्त दीप्तीला. बापाला काही बोलून ठेवायचं असेल तर ते आत्ताच बोलायला हवं, आणि आपल्या त्या एका होकारामुळे तो निवांत आहे, हे तिला रोज खात होतं.

सुट्टीच्या दिवशी दोघं उंबऱ्यात बसली होती. दीप्ती तांदूळ निवडत होती. ऊन लई रॅपिड हाय, अण्णासो म्हणाले. ती न राहवून वर बघत म्हणाली, ऊन रॅपिड नसतं पप्पा, पळणारं, वाढणारं काहीतरी लागतं.

ते तिच्याकडे वळले.

"मग माझं काय पळतंय?"

तिने तांदळात नजर घातली. त्यांनी मनगटाने तिची हनुवटी वर केली.

"वर बघून बोल. मला तसं कळत न्हाय."

"आजार, पप्पा. गुण न्हाय, आजार पळतोय. हातामागनं बोलणं बी जाईल."

तिला हे त्यांच्याकडे बघतच म्हणावं लागलं.

ती खोटं का बोलली, हे त्यांनी विचारलं नाही. "पेढं वाटलं की गं मी," एवढंच म्हणाले. मग म्हणाले, कृष्णातला तू सांगू नको, जीभ चालतीया तवर मी सांगतो.

दुसऱ्या दिवशी कृष्णातने त्यांचा चेहरा बघितला आणि आपले माग बंद केले. चालता माग बोलण्यासाठी कुणी बंद करत नाही, मजुरी बुडते. बाकीचे माग चालूच होते. अण्णासो बराच वेळ बोलले. त्यातलं जिभेवर किती अडखळलं, ते कृष्णातला कळलं नाही. तो ओठ बघत होता.

आता संध्याकाळी दीप्ती त्यांच्यासमोर बसते, ते काहीतरी सांगतील म्हणून. ते विचारतात, पाणी आलं का, गॅस बंद केलास का. ती हो म्हणते. त्यांचे ओठ थोडे हलतात, थांबतात. आयुष्यभर खडखडाटात कामापुरतंच बोललेल्या माणसाला दुसरं काय बोलायचं असतं, ते सापडत नाही.